रीजन्सी काळातली उमराव नायिका आणि तिची अतींद्रिय शक्ती: कायदा, लग्न आणि हातमोजे यांचा मेळ कसा घालायचा?

शब्दवेल

मराठीत एक ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहिते आहे. काळ १८१६, म्हणजे राजाऐवजी युवराज प्रतिनिधी म्हणून कारभार बघत होता तो रीजन्सी काळ; जागा लंडन आणि इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातला एक मोठा वाडा. नायिका ऑगस्टा, वय २०, थॉर्नले या (काल्पनिक) अर्लची, म्हणजे वरच्या दर्जाच्या उमरावाची मुलगी. एखादी वस्तू उघड्या हातात घेतली की ती शेवटी ज्याने हाताळली त्याच्या मनातलं तिला कळतं. ही शक्ती आईकडून आलेली आहे. नायक तरुण ड्यूक, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाचा उमराव. थोरला भाऊ संशयास्पदरीत्या मेला म्हणून पदवी याच्याकडे आली. एका बॉलच्या, म्हणजे नाचाच्या समारंभाच्या रात्री दोघं एकांतात सापडतात, बोभाटा होतो, आणि तिसऱ्या दिवशी ड्यूकच्याच घरी लग्न लागतं.

अडकले आहे ते असं. शक्ती उघडी पडली तर चेटकीण म्हणून जाळतील ही भीती मी कथानकाचा कणा धरली आहे, ती त्या सालात टिकेल का? तिसऱ्या दिवशी, तेही घरात, लग्न लागू शकतं का? शक्ती पदवीसोबत वारशाने जाते असं हवं आहे, पण पदवी मुलीकडे जाते का? आणि सर्वात मोठी अडचण म्हणजे ही शक्ती एवढी जबर झाली आहे की भावाचा खून कोणी केला हे तिसऱ्या प्रकरणातच तिला कळायला हवं. पुढची वीस प्रकरणं कशावर उभी करू?

मुखत्यार

जाळण्याची भीती काढून टाका. इंग्लंडात चेटकिणींना फाशी देत, जाळत नसत. जाळणं ही स्कॉटलंड आणि युरोपातली गोष्ट. इंग्लंडातल्या शेवटच्या फाशी म्हणजे डेव्हनमधल्या बिडेफर्डच्या तीन बायका, १६८२. शेवटची दोषी ठरलेली म्हणून जिचं नाव घेतात ती जेन वेनम, १७१२, तिलाही माफी मिळाली. पुढे १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच उरला नाही. गुन्हा ठरला तो चेटूक येतं असा बहाणा करणं, भविष्य सांगणं, हरवलेली वस्तू गुप्तविद्येने शोधून देतो म्हणणं. शिक्षा एक वर्ष कैद, आणि त्या वर्षात दर तिमाहीला एकदा बाजाराच्या दिवशी तासभर पिलरीत, म्हणजे मान आणि हात फळीत अडकवून, लोकांसमोर उभं करणं. त्यातली पिलरी १८१६ सालीच बहुतेक गुन्ह्यांसाठी बंद झाली.

म्हणजे कायद्याच्या लेखी ऑगस्टा चेटकीण नाहीच, फार तर ठग. त्यातही हा खटला गरीब ज्योतिषिणींवर चाले, अर्लच्या मुलीवर कोणी घालत नसे. एक बारकावा लक्षात ठेवा. अर्लची मुलगी कायद्याने सामान्य प्रजाजनच असते, तिला लॉर्ड्सच्या, म्हणजे पार्लमेंटच्या उमरावांच्या सभागृहापुढे खटला चालवून घेण्याचा हक्क नसे. ड्यूकशी लग्न झालं की त्या काळी तो हक्क मिळे, पण फक्त देशद्रोह आणि गंभीर गुन्ह्यांपुरता. १७७६ साली किंग्स्टनच्या डचेसवर (डचेस म्हणजे ड्यूकची बायको) एक नवरा हयात असताना दुसरा केल्याचा खटला लॉर्ड्सपुढे चालला तो या हक्काने. भविष्य सांगण्याचा आरोप त्या वर्गात बसत नाही.

खरी भीती वेगळी आहे, आणि ती जाळण्यापेक्षा तुमच्या कथेला जास्त उपयोगाची आहे. तिला वेडी ठरवतील. १७७४ च्या कायद्यानुसार खाजगी वेड्यांच्या घरात माणूस ठेवायला एकाच वैद्याचा दाखला पुरे होता. तो वैद्य फिजिशियन असो, सर्जन असो की अपोथेकरी (औषधं बनवून देणारा). दोन दाखल्यांची अट १८२८ मध्ये आली. शिवाय परवाना फक्त एकापेक्षा जास्त रुग्ण ठेवणाऱ्या घराला लागे. एखाद्या श्रीमंत घराण्याने मुलीला दूरच्या खेड्यात एका वैद्याच्या घरी एकटीला ठेवलं तर त्यावर जवळजवळ कोणाचीच नजर नाही. १८१५-१६ मध्ये कॉमन्सची, म्हणजे पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाची समिती या घरांची चौकशी करत होती, लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात वर्षानुवर्षं साखळदंडात ठेवलेल्या जेम्स नॉरिसचं प्रकरण सगळीकडे गाजत होतं. तुमच्या १८१६ च्या दिवाणखान्यात लोक हेच बोलत असणार. ऑगस्टा तिथे चहाचा कप हातात धरून गप्प बसली आहे, याहून मोठी भीती तिला वेगळी दाखवावी लागणार नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे वेडेपणाची चौकशी. नातेवाईक लॉर्ड चॅन्सलर या वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्रांसह अर्ज करतात (१८१६ ला लॉर्ड एल्डन), चॅन्सलर आयुक्त नेमतो, ज्यूरी बसते, साक्षी होतात, त्या व्यक्तीलाही प्रश्न विचारतात. वेडी ठरली तर तिच्या देहाचा ताबा एकाकडे आणि मालमत्तेचा ताबा एकाकडे दिला जातो. देहाचा ताबा सहसा पुढच्या वारसाला देत नसत, कारण तिच्या मृत्यूत त्याचा फायदा. मालमत्ता मात्र त्यालाच सांभाळायला मिळे. खलनायक चुलतभावाला यापेक्षा चांगलं हत्यार मिळणार नाही.

आता लग्नाशी याचा संबंध. १७४२ च्या कायद्याने, चौकशीत वेडी ठरलेल्या व्यक्तीने पुन्हा शहाणी जाहीर होण्याआधी केलेलं लग्न रद्दबातल. आणि ज्यूरी वेडेपणाची सुरुवात मागच्या तारखेपासून धरू शकत असे. पोर्ट्समथचा तिसरा अर्ल १८२३ साली वेडा ठरला तो १८०९ पासून, आणि मधल्या काळात १८१४ ला त्याने केलेलं लग्न १८२८ मध्ये रद्द झालं. म्हणजे ऑगस्टाचं लग्न झाल्यावरही ती सुरक्षित नाही. चौकशीत एखादी जुनी दासी म्हणाली की बाईसाहेब लहानपणापासून चमच्यांशी बोलतात, तर डचेसपणच उडतं.

शब्दवेल

मुखत्यार, हे सोनं आहे! चौकशीचा धागा मध्यंतरानंतर आणते. पण साक्षीच्या वेळी ती खोटं बोलेल का खरं, हे ठरवायला शक्तीची हद्द आधी ठरली पाहिजे.

हातमोजा

हद्दीचं मी सांगते. चार गोष्टी कागदावर लिहून भिंतीला लावा आणि शेवटच्या पानापर्यंत मोडू नका: शक्ती कशाने जागी होते, किती मागचं कळतं, कळतं ते कोणत्या रूपात, आणि त्याची किंमत काय. तुमच्या मसुद्यात पहिली गोष्ट पक्की आहे, दुसरी अर्धी आहे, तिसरी आणि चौथी नाहीतच. खुनी तिसऱ्या प्रकरणात सापडतो तो तिसरी ठरलेली नाही म्हणून.

'मनातलं कळतं' म्हणजे नेमकं काय? वाक्यं कळली, नावं कळली, चित्रं दिसली, तर रहस्य संपलं. फक्त भावना कळू द्या, आणि ती कोणाबद्दलची आहे ते कळू देऊ नका. ड्यूकच्या मुद्रेच्या अंगठीवर तिला भावाच्या मृत्यूच्या रात्रीची भीती आणि अपराधीपणा सापडला. खुनी हाच, असं ती ठरवते. प्रत्यक्षात भीती भावाला वाचवता येईल का याची होती, आणि अपराधीपणा उशिरा पोचल्याचा. ती जे वाचते ते खरंच असतं, पण ती अर्थ चुकीचा लावते. तुमची वीस प्रकरणं या चुकीच्या अर्थावर उभी राहतील. तिला चुकवायला शक्ती ऐनवेळी बंद पाडू नका. वाचक ती लबाडी लगेच ओळखतो आणि मग पुढच्या कुठल्याच प्रसंगावर विश्वास ठेवत नाही.

आता तुमच्या 'शेवटी हाताळणाऱ्या'चा नियम. हा नियम फार मोलाचा आहे, तुम्हाला वाटतो त्यापेक्षाही. ड्यूकच्या घरात ड्यूकने शेवटी हाताळलेली वस्तू असते तरी किती? दार उघडतो फुटमन. चांदीचे काटे-चमचे घासतो आणि मांडतो बटलर किंवा त्याचा हाताखालचा. कोट, क्रॅव्हॅट (गळ्याचा रुमाल), बूट हे सगळं व्हॅलेच्या, म्हणजे खाजगी सेवकाच्या हातचं. चादरी धोबीणखान्यातल्या मुलींच्या, लगाम मोतद्दाराच्या, ग्लास पुन्हा भरणाऱ्याच्या. म्हणजे त्या घरात ऑगस्टाला सर्वात आधी आणि सर्वात जास्त कळणार ते नोकरांचं मन. कोण घरी पैसे पाठवता येत नाहीत म्हणून झुरतं, कोण गरोदर आहे आणि हाकलून देतील म्हणून धास्तावलं आहे. उमराव मंडळी तिला बंद पुस्तकासारखी, आणि ज्यांच्याकडे बघायचंच नाही असं तिला शिकवलं आहे ती माणसं उघडी. तुमच्या नियमातून हे आपोआप निघतं. चौकशीच्या वेळी नोकर तिच्या बाजूने उभे राहिले तर त्याचंही कारण इथेच तयार झालेलं असेल.

मालकांच्याच हातच्या वस्तू थोड्या. मुद्रेची अंगठी, तपकिरीची डबी, खिशातलं घड्याळ, पंखा, पियानोच्या पट्ट्या. पियानो हातमोज्यांनी वाजत नाही. प्रतिस्पर्धी मुलगी गाऊन उठली आणि यजमानीणबाईंनी लगेच ऑगस्टाला बसवलं, तर पहिल्या सुराला दुसरीचं मन तिच्या बोटांत येईल, पन्नास लोकांसमोर, उठून जायची सोय नसताना. असे दोन-तीन प्रसंग आधी हेरून ठेवा. पत्त्यांचा डाव टाळा, किंवा नियमाने खेळा: वाटून आलेला पत्ता शेवटी वाटणाऱ्याच्या हातात होता, म्हणजे तिला वाटणाऱ्याचं मन कळेल, समोरच्याचा हुकूम नव्हे.

सर्वात उत्तम वस्तू मात्र पत्र. त्या काळी पाकीट नसे, कागदच घडी घालून लाखेने मोहोरबंद करत. बाहेरची बाजू टपालवाल्यांच्या दहा हातांतून जाते, पण आतल्या घडीला शेवटचा हात लिहिणाऱ्याचा. उमरावाला टपाल माफ होतं, त्यासाठी त्याला बाहेरचा संपूर्ण पत्ता आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहून सही करावी लागे. तेव्हा सचिवाने लिहिलेलं पत्र असलं तरी पत्ता त्याचाच. बाहेरून टपालवाला, आतून सचिव आणि अक्षर मात्र ड्यूकचं: हा गोंधळ कथेत वापरा. फक्त एक ध्यानात ठेवा, वाग्दान झालेलं नसताना अविवाहित स्त्री-पुरुषांत पत्रव्यवहार चालत नसे. लग्नाआधी तिच्या हाती त्याचं पत्र येतं ते वडिलांना लिहिलेलंच असायला हवं.

हातमोज्यांविषयी. १८१६ च्या संध्याकाळच्या पोशाखात बाही आखूड आणि हातमोजा कोपराच्या वर, पांढऱ्या मऊ चामड्याचा. नाचताना, रस्त्यात, चर्चमध्ये तो हातात असतोच. जेवायला बसल्यावर काढतात. मनगटाशी बटणं सोडून फक्त पंजा बाहेर काढायचे लांब हातमोजे पुढच्या व्हिक्टोरियन काळातले, तेव्हा ते इथे नकोत. पूर्ण हातमोजा उतरवून मांडीवर ठेवावा लागतो. म्हणजे ऑगस्टाला नाच सुरक्षित आणि जेवण धोक्याचं. सामान्य नायिकेच्या नेमकं उलट. वॉल्ट्झ या जोडीच्या नाचात त्याचा हात तिच्या पाठीवर असला तरी दोघांच्या हातांवर हातमोज्याचं चामडं आहे, त्यामुळे तिथे शक्तीचं काही घडवू नका. त्या नाचाचा बोभाटा तसाही पुरेसा होता. १८१६ च्या जुलैमध्ये राजप्रतिनिधीच्या बॉलमध्ये वॉल्ट्झ झाला तेव्हा टाइम्स वृत्तपत्राने त्याला निर्लज्ज परदेशी नाच ठरवून झोडपलं होतं.

किंमत शरीरावर वसूल करा. वाचलेली भावना तिच्यात काही काळ मुरते असं ठरवलं तर उत्तम. तासभर दुसऱ्याचा राग तिच्या आवाजात राहतो, आणि त्याच तासात तिला नायकाशी बोलावं लागतं. डोकेदुखी आणि मूर्च्छा इतक्या वेळा येऊन गेल्या आहेत की वाचक ती पानं उलटतो.

नायकाबद्दल एक विनंती. 'फक्त त्याच्या वस्तूंवरून काहीच कळत नाही, म्हणून तो तिचा विसावा' ही युक्ती फार वापरली गेली आहे, आणि तिने नायक माणूस न राहता भिंत होतो. त्याचं कळू द्या. मग तो प्रश्न येऊ द्या जो या सगळ्या प्रकारच्या कथांत टाळला जातो: न विचारता दुसऱ्याच्या मनात जाणं हा अपराध आहे की नाही? तिने त्याला सांगेपर्यंतची प्रत्येक वाचणी ही चोरीच आहे. तिचा कबुलीजबाब पहिल्या चुंबनाच्या आधी ठेवलात तर पुस्तक उभं राहील. नंतर ठेवलात तर त्याच्या रागाला किमान चार प्रकरणं द्या, दोन पानांत क्षमा नको.

गिरजाघर

'हातमोजा' यांच्याशी सहमत, विशेषतः नोकरांचा मुद्दा. लग्नाचं मी भरतो.

तिसऱ्या दिवशी घरात लग्न शक्य आहे, पण एकाच मार्गाने. १७५३ चा हार्डविकचा विवाह कायदा लागू आहे. साधा मार्ग बॅन्सचा: तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकार. दुसरा साधं लायसन्स: पुकार नाही, पण दोघांपैकी एक जण चार आठवडे राहिलेला असेल त्या पॅरिशच्या (चर्चच्या इलाख्याच्या) चर्चमध्येच, आणि सकाळी ८ ते दुपारी १२ या वेळातच. तिसरा स्पेशल लायसन्स: फक्त कँटरबरीचे आर्चबिशप देतात, लंडनच्या सेंट पॉल्स चर्चजवळच्या डॉक्टर्स कॉमन्स या कचेरीतून, आणि यात जागा आणि वेळ दोन्ही मोकळ्या. ते उमराव, त्यांची मुलं आणि अशाच मोजक्या वर्गाला मिळे, ड्यूकला सहज मिळेल. दोघांची नावं त्यावर आधी लिहिलेली असतात. खिशात कोरं लायसन्स घेऊन फिरणारा नायक चालणार नाही.

ऑगस्टा २० ची आहे हे विसरू नका. लायसन्सने लग्न करायचं तर २१ खालच्या मुलीला वडिलांची संमती लागते, नाहीतर लग्न मुळातच रद्दबातल. वडील बोभाट्याने हादरलेले आहेत, संमती देतीलच. पण खलनायकाला पुढे कायदेशीर खोट काढायची असेल तर संमतीचा कागद हीच जागा. वडील नकार देतात असं हवं असेल तर ग्रेटना ग्रीन, म्हणजे सीमेपलीकडचं स्कॉटलंडमधलं गाव. तेव्हा स्कॉटलंडमध्ये हार्डविकचा कायदा चालत नसे, दोन साक्षीदारांसमोर एकमेकांना नवरा-बायको म्हटलं की झालं. लंडनहून अंतर सुमारे ३२० मैल. टपालगाडीचे घोडे दर १०-१५ मैलांवर बदलत, न थांबता ताशी ८ मैलांनी गेलं तरी ४० तास. एका रात्रीत पोचणारी जोडपी कथांत फार दिसतात.

तीन दिवसांत न मावणारी खरी गोष्ट वेगळीच आहे: विवाहाचा करारनामा. तेव्हा लग्नाने बायकोची रोख, दागिने, सगळी जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. म्हणून वडिलांचे वकील आधी ठरवून घेतात: मुलीचा हुंडा किती, नवरा गेल्यावर तिला वर्षाला किती मिळणार, हातखर्चाला किती, धाकट्या मुलांना किती, आणि तिच्यासाठी विश्वस्तांकडे वेगळं काय ठेवायचं. हे आठवड्यांचं काम. घाईत करायचं तर मुद्द्यांचं छोटं कलमपत्र सह्या करून ठेवतात आणि सविस्तर करारनामा नंतर. तो 'नंतर' तुमच्या हातात आहे. कलमपत्रावर सही झाली, करारनामा व्हायचा आहे, आणि मध्येच वेडेपणाची चौकशी उभी राहते.

विधीविषयी, कारण तो तुमच्या शक्तीला नेमका लागू पडतो. १६६२ च्या प्रार्थनाविधीत आधी वराने वधूचा उजवा हात उजव्या हातात घेऊन वचन म्हणायचं, मग हात सोडायचे, मग वधूने त्याचा उजवा हात घ्यायचा. नंतर अंगठी पाद्र्याच्या पुस्तकावर ठेवतात, पाद्री ती वराला देतो, वर ती तिच्या डाव्या हाताच्या चौथ्या बोटात घालतो. हातमोजा उतरवलेला. म्हणजे अंगठी तिच्या बोटाला लागते तेव्हा तिच्यावरचा शेवटचा हात वराचाच आहे. त्याच्या मनात त्या क्षणी काय आहे ते तिला कळणारच, आणि ती अंगठी तिला पुढे काढता येत नाही. इथे घाई करू नका, पूर्ण पान द्या. नंतर नोंदवहीत दोघांच्या, पाद्र्याच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. एकच लेखणी हातोहात फिरते, ऑगस्टाच्या आधी ती कोणाच्या हातात होती ते ठरवून ठेवा.

फसलं तर सुटका नाही. १८५७ पूर्वी पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट पार्लमेंटच्या स्वतंत्र कायद्यानेच मिळे, तोही बहुतेक नवऱ्यांनाच.

वंशवेल

पदवी आणि शक्ती एकत्र जाण्याबद्दल. अर्लपद बहुधा सनदेने दिलेलं असतं आणि सनदेत 'औरस पुरुष वारस' असं लिहिलेलं असतं. मुलीला नाही, दत्तकाला नाही, लग्नाआधी जन्मलेल्याला नाही, मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, आणि त्या काळी सोडताही येत नसे. तेव्हा थॉर्नले अर्लपद ऑगस्टाकडे येणार नाही.

पण तुमची शक्ती आईकडची आहे ना? मग आईच्या घराण्याला एक जुनी बॅरनी, म्हणजे बॅरन ही सर्वात खालची उमराव पदवी द्या, सनदेऐवजी पार्लमेंटला बोलावणाऱ्या मध्ययुगीन आमंत्रणपत्राने निर्माण झालेली. अशा बॅरनी मुलीकडे जाऊ शकतात. मुलगा नसेल आणि मुलगी एकच असेल तर ती स्वतःच्या हक्काने बॅरोनेस होते, फक्त तेव्हा लॉर्ड्समध्ये बसता येत नसे. मुली दोन किंवा जास्त असतील तर इंग्लिश कायदा थोरलीला झुकतं माप देत नाही. सगळ्या समान वारस, आणि पदवी कोणाचीच नाही, ती लटकून राहते. एक सोडून बाकी शाखा खुंटल्या, किंवा राजाने एकीला दिली, तरच ती पुन्हा जिवंत. डी रॉस ही फार जुनी बॅरनी शंभराहून अधिक वर्षं अशी लटकून १८०६ साली एका स्त्रीला मिळाली, तुमच्या कथेच्या अवघी दहा वर्षं आधी.

शक्तीलाही हाच नियम लावा. एकच मुलगी असते त्या पिढीत शक्ती तिच्यात अखंड उतरते. बहिणी असल्या की ती वाटली जाते, कोणातच पूर्ण जागी होत नाही. ऑगस्टाला एक बहीण होती आणि ती वारली, त्या रात्री शक्ती पूर्ण जागी झाली: एकाच घटनेत दुःख, वारसा आणि अपराधीपणा. मावशीची एखादी दूरची मुलगी जिवंत असल्याचं पुढे कळलं तर दोघींचीही शक्ती मंदावेल. हे कायद्याच्या चौकटीत इतकं चपखल बसतं की वाचकाला शोधून काढल्यासारखं वाटणार नाही.

नायकाच्या बाजूला एक सापळा आहे. थोरल्या भावाची विधवा असेल आणि ती गरोदर असण्याची शक्यता असेल, तर धाकट्याला ड्यूक म्हणवून घेता येत नाही. बाळंतपणापर्यंत थांबावं लागतं, मुलगा झाला तर तोच ड्यूक. भाऊ अविवाहित दाखवा, नाहीतर हे महिने हिशेबात धरा. आणि भाऊ नुकताच गेला असताना काळ्या कपड्यातला माणूस बॉलला नाचत नाही. मृत्यू आदल्या वर्षात ढकला.

दिवाबत्ती

लोक शक्तीला काय म्हणतील त्याबद्दल थोडक्यात. टेलिपथी हा शब्द १८८२ चा, वस्तूस्पर्शाने वाचण्याला सायकोमेट्री म्हणणं १८४२ पासूनचं, हिप्नॉटिझमही १८४० च्या दशकातलं. टेबलं हलवणाऱ्या बैठका १८४८ नंतर अमेरिकेत सुरू होऊन १८५२ ला लंडनला आल्या. १८१६ मध्ये यातलं काही नको, निवेदनातसुद्धा नको.

त्या साली उपलब्ध चौकटी चार. स्कॉटिश डोंगराळ भागातली 'दुसरी दृष्टी', म्हणजे दूरचं किंवा पुढचं आधीच दिसणं, जिच्याबद्दल शिकलेले लोकही गंभीरपणे बोलत. ऑगस्टाच्या आजीला तिकडची केलंत तर घरात कुजबुजीला शब्द मिळतो. मेस्मर या वैद्याचं प्राणिज चुंबकत्व (शरीरात चुंबकासारखी अदृश्य शक्ती असते ही कल्पना), ज्याला पॅरिसच्या १७८४ च्या आयोगाने (फ्रँकलिन आणि लाव्हाझिए त्यात होते) कल्पनेचा खेळ ठरवलं, म्हणून डॉक्टर ऐकून हसेल. धार्मिक साक्षात्कार: स्वतःला भविष्यवादिनी म्हणवणारी जोआना साउथकॉट ६४ व्या वर्षी दैवी पुत्राला जन्म देणार म्हणत १८१४ च्या डिसेंबरात वारली, अनुयायी हजारो होते, आणि उमराव घरात त्या प्रकाराची सावलीही नको असे. चौथी चौकट वेडेपणाची, ती वर आलीच आहे. घरातली प्रत्येक व्यक्ती वेगळी चौकट धरून बसली तर संवाद आपोआप भांडायला लागतात.

नायकाला लंडनच्या आल्बमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेचा वर्गणीदार करा. हम्फ्री डेव्हीचा खाणदिवा नुकताच आला आहे, तिथल्या व्याख्यानांना उमराव बायकाही जात. असा माणूस शक्ती ऐकून घाबरण्याआधी प्रयोग सुचवेल: दहा वस्तू, कोणी हाताळल्या ते फक्त त्याला माहीत. त्यांच्या प्रेमाची सुरुवात या टेबलावर होऊ शकते.

बैठका आणि आत्मे हवेच असतील तर काळ १८५५ नंतर न्या, होम नावाचा माध्यम (आत्म्यांशी बोलतो म्हणणारा) तेव्हा लंडनच्या बड्या घरांत वावरत होता. मग आगगाडी, क्रिनोलिन (झग्याखालचा फुगीर सांगाडा) आणि १८५७ चा घटस्फोट कायदाही सोबत येतो. तुमच्या कथेला १८१६ च बरं.

शब्दवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. आईकडची बॅरनी, वारलेली बहीण, संमतीच्या कागदातली खोट आणि अंगठीचं पान, एवढं पक्कं केलं. 'चमच्यांशी बोलतात' हे दासीचं वाक्य वापरू का, मुखत्यार? आणि एक शेवटचं: ऑगस्टाला कोण काय म्हणून हाक मारेल?

मुखत्यार

वापरा की. फक्त साक्षीत ते दासीच्या तोंडी नको, तिला विचारणाऱ्या वकिलाच्या तोंडी घाला. ती नुसतं 'होय' म्हणेल.

वंशवेल

लग्नाआधी 'लेडी ऑगस्टा', कायम नावासह. 'लेडी थॉर्नले' ही तिची आई. वडिलांना बोलताना 'लॉर्ड थॉर्नले' म्हणायचं. अर्लला समोरासमोर 'अर्ल' म्हणून हाक मारत नाहीत. धाकटा मुलगा असताना नायक 'लॉर्ड' आणि त्याचं पहिलं नाव, भाऊ गेल्यावर बरोबरीचे लोक नुसतं 'ड्यूक' म्हणतील, नोकर आणि खालचे लोक 'युअर ग्रेस'. ड्यूकला 'लॉर्ड अमुक' असं कधीच म्हणत नाहीत, ही चूक सर्वाधिक होते. लग्नानंतर तीही 'डचेस' आणि 'युअर ग्रेस'. 'लेडी ऑगस्टा' संपलं. जुने मित्र ड्यूकला पदवीच्या नावाने हाक मारतात, पहिलं नाव घरातही क्वचित, त्यामुळे ती त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारते ती जागा जपून निवडा. आईची बॅरनी तिच्याकडे आली तरी रोजच्या वापरात डचेसच, वरची पदवी खालचीला झाकते. फक्त सनदा आणि न्यायालयाच्या कागदांत दोन्ही लिहितात, म्हणून चौकशीच्या अर्जात चुलतभावाने बॅरनीचा उल्लेख गाळलेला दाखवता येईल.